जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी: पेनड्राइव्ह, टेक्स्ट एडिटर आणि नवी सिस्टीम

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, कुठेही जा, घरात, उर्दू शाळेत, मदरशाच्या कार्यालयात किंवा झेरॉक्सच्या दुकानात जे कॉम्प्युटर आहेत त्यातले बरेचसे विंडोज ७ किंवा १० वरच चालतात. सपोर्ट संपला म्हणून मशीन त्या दिवशी बंद पडत नाही. मात्र सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबते, आणि त्याच मशीनवरून बँकेचे व्यवहार आणि मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असतील तर जोखीम वाढत जाते. जादा सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवले तर घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत मिळते. त्यापुढचा विचार आत्ताच केलेला बरा.

विंडोज ११ टाकावे, तर त्याला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे साधारण २०१८ च्या आधीची बहुतेक मशीन बाद. मग दुकानदार सांगतो, "नवा घ्या." किंवा "फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी या." पहिल्यात पैसा जातो. दुसऱ्यात कधी कधी पैशापेक्षा मोठी गोष्ट जाते: वालिदांनी टाइप करून ठेवलेले हिशेब, जमिनीच्या वादाचे अर्ज, निकाहनाम्याचे स्कॅन, लग्नाचे फोटो.

म्हणून आम्ही हा लेख ज्या क्रमाने लिहितोय, काम त्याच क्रमाने करा. आधी आपला मजकूर बाहेर काढा, मग इन्स्टॉलेशनचे साधन तयार करा, आणि सर्वांत शेवटी नवी सिस्टीम टाका. सिस्टीम दहा वेळा टाकता येते. पुसलेला मजकूर परत मिळेलच असे नाही.

आपल्या मशीनवर काय चालेल?

सुरू असलेल्या विंडोजमध्ये सेटिंग, सिस्टीम, अबाउट इथे जा. विंडोज ७ मध्ये कॉम्प्युटरच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथल्या दोन गोष्टी वहीत लिहून घ्या: रॅम किती, आणि प्रोसेसर ३२-बिट आहे की ६४-बिट.

इथे एक गंमत असते. कमी रॅम असलेल्या जुन्या मशीनमध्ये प्रोसेसर ६४-बिट असला तरी दुकानातून ३२-बिट विंडोज टाकून मिळालेले असायचे. २००६ नंतर आलेला इंटेल कोअर टू ड्युओ ६४-बिटच आहे. तेव्हा विंडोज ३२-बिट दिसते म्हणून मशीनला निकामी ठरवू नका. प्रोसेसरचे नाव बघा.

४ जीबी किंवा जास्त रॅम आणि ६४-बिट प्रोसेसर असेल तर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम चांगली चालते. नवशिक्यांसाठी तिचा चेहरा विंडोजच्या जवळचा आहे. किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. ४ जीबी आणि १०० जीबी असेल तर आरामात. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. जुन्या मशीनसाठी तिची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे.

प्रोसेसर खरोखरच ३२-बिट असेल तर वाट अरुंद आहे. डेबियन १२ मध्ये ३२-बिट इन्स्टॉलर होता. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये तो नाही. अँटीएक्स २३ ची ३२-बिट आवृत्ती अशा मशीनवर चालते. पण क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडले, आणि फायरफॉक्सनेही २०२६ मध्ये सोडत असल्याचे जाहीर केले. असे मशीन टायपिंग शिकायला, मजकूर लिहायला, मुलांच्या सरावाला ठेवा. बँकेचे काम त्यावर नको.

भारतातच तयार झालेली सिस्टीम हवी असेल तर सी-डॅकने डेबियनवर आधारलेली बॉस लिनक्स आहे. तिचे पूर्ण नाव भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स, आणि तिच्यात मराठी व उर्दूसह भारतीय भाषांची सोय आहे.

आधी मजकूर बाहेर काढा

फोटो, पीडीएफ, व्हिडिओ हे सगळे बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर कॉपी करा. ज्या पेनड्राइव्हवरून सिस्टीम टाकणार आहात तो यासाठी वापरू नका, कारण तो तयार करताना पूर्ण पुसला जातो. डेस्कटॉप, डॉक्युमेंट आणि डाउनलोड हे तिन्ही फोल्डर बघा. आपल्याकडे निम्मा संसार डेस्कटॉपवरच पडलेला असतो. कॉपी झाल्यावर दुसऱ्या मशीनवर दोन-चार फाइल उघडून बघा. उघडल्या तरच कॉपी झाली म्हणा.

खरी अडचण पुढे आहे. जुन्या मराठी फाइल बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. या फॉन्टची युक्ती अशी की पडद्यावर मराठी अक्षर दिसते, पण फाइलमध्ये साठवलेले असते इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. कृतिदेवमध्ये 'क' दिसतो तिथे फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी 'डी' असतो. फॉन्ट गेला की अख्खा अर्ज अर्थहीन अक्षरांची रांग होतो. उर्दूची गोष्टही अशीच. १९९४ पासून वापरात असलेल्या इनपेजच्या जुन्या आवृत्त्यांतली फाइल दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये नीट उघडत नाही, आणि इनपेज विंडोजवरच चालते.

म्हणून विंडोज पुसण्याआधी अशा प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची तीन रूपे करून ठेवा:

• मूळ फाइल आणि सोबत तिचा फॉन्ट (कंट्रोल पॅनेलमधल्या फॉन्ट फोल्डरमधून तो कॉपी करता येतो).
• पीडीएफ. यात अक्षरे जशी दिसतात तशी कायम राहतात.
• युनिकोडमध्ये बदललेला मजकूर. श्रीलिपी, कृतिदेव आणि इनपेजसाठी असे बदल करून देणारे कन्व्हर्टर मिळतात. बदल झाल्यावर जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच होतात.

हा युनिकोड मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवताना एक काळजी घ्या. विंडोज ७ च्या नोटपॅडमध्ये फाइल सेव्ह करताना खाली 'एनकोडिंग' अशी चौकट असते आणि तिथे 'आन्सी' आधीच निवडलेले असते. तसेच सेव्ह केले तर मराठी आणि उर्दू अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात, आणि फाइल बंद केल्यावर तो मजकूर परत मिळत नाही. तिथे 'यूटीएफ-८' निवडा. विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटनंतर नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ वापरतो. ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तयार केली. तिच्यामुळे एकाच फाइलमध्ये मराठी, उर्दू, अरबी आणि इंग्रजी गुण्यागोविंदाने राहतात आणि ती फाइल कुठल्याही सिस्टीमवर उघडते.

इन्स्टॉलेशनचे साधन: फ्लॉपीपासून पेनड्राइव्हपर्यंत

ऑपरेटिंग सिस्टीम नसलेल्या मशीनला बाहेरून काहीतरी वाचायला द्यावे लागते. त्यालाच इन्स्टॉलेशन मीडिया म्हणतात. विंडोज ९५ फ्लॉपीवर घेतले तर १३ फ्लॉप्या एकामागून एक घालाव्या लागत. विंडोज एक्सपी एका सीडीत मावले, पुढे डीव्हीडी आली. आपल्या देशात लिनक्स पहिल्यांदा बऱ्याच लोकांपर्यंत पोहोचले ते पीसी क्वेस्ट मासिकासोबत मिळणाऱ्या सीडीतून. उबुंटूवालेही २०११ पर्यंत जगभर मोफत सीडी पोस्टाने पाठवत. नेट महाग आणि हळू होते, त्या काळात ती एक सीडी गल्लीभर फिरायची. आज ते काम ८ जीबीचा पेनड्राइव्ह करतो.

पेनड्राइव्ह असा तयार करा:

१. सिस्टीमच्या अधिकृत वेबसाइटवरून आयएसओ नावाची फाइल उतरवा. मिंटची फाइल साधारण ३ जीबीच्या आसपास असते. कुणीतरी व्हॉट्सॲपवर दिलेल्या लिंकवरून किंवा 'ॲक्टिव्हेटेड विंडोज' म्हणून मिळणारी फाइल घेऊ नका. त्यात काय घुसवले आहे ते कळायला मार्ग नसतो.

२. फाइल पूर्ण आणि अस्सल आहे का ते तपासा. वेबसाइटवर तिच्या शेजारी ६४ अक्षरी आकडा दिलेला असतो, त्याला एसएचए-२५६ म्हणतात. रुफस प्रोग्रॅममध्ये फाइल निवडल्यावर शेजारच्या बरोबरच्या खुणेचे बटण दाबले की आपल्या फाइलचा आकडा दिसतो. दोन्ही तंतोतंत जुळले पाहिजेत. एक अक्षर वेगळे असले तरी फाइल पुन्हा उतरवा. निम्म्यात तुटलेले डाउनलोड हे इन्स्टॉलेशन फसण्याचे नेहमीचे कारण आहे.

३. रुफसमध्ये पेनड्राइव्ह निवडा, फाइल निवडा आणि स्टार्ट दाबा. आयएसओ फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, पेनड्राइव्ह 'बूट' होण्यासारखा व्हावा लागतो. विंडोज ७ वर रुफसची ३.२२ ही शेवटची चालणारी आवृत्ती आहे. खूप जुन्या मशीनसाठी पार्टिशन स्कीममध्ये 'एमबीआर' निवडा.

४. तीन-चार वेगवेगळ्या सिस्टीम जवळ ठेवायच्या असतील तर व्हेंटॉय वापरा. ते पेनड्राइव्हवर एकदाच टाकायचे. नंतर आयएसओ फाइल नुसत्या कॉपी केल्या तरी सुरुवातीला यादी दिसते आणि हवी ती निवडता येते.

फारच जुने मशीन पेनड्राइव्हवरून सुरूच होत नसेल तर मिंटची फाइल ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीवर मावते.

मशीन सुरू करणे आणि आधी चाखून बघणे

पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करताच बूट मेनूची कळ वारंवार दाबा. डेल, बहुतेक लेनोव्हो आणि गिगाबाइटच्या मदरबोर्डवर ती एफ-१२ असते, एचपीवर एफ-९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप, एमएसआयच्या मदरबोर्डवर एफ-११. एसरवर एफ-१२ आहे, पण कित्येकदा ती आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. पेनड्राइव्ह यादीत दिसत नसेल तर निळ्या पोर्टमधून काढून काळ्या पोर्टमध्ये लावून बघा. काही जुनी मशीन यूएसबी ३ च्या पोर्टवरून सुरू होत नाहीत.

प्रत्येक वेळी घड्याळ मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ हा बटणासारखा सेल संपला आहे. तो आधी बदला. तारीख चुकली की वेबसाइट 'असुरक्षित' म्हणून उघडत नाहीत आणि माणूस उगाच नव्या सिस्टीमला दोष देतो.

मिंट पेनड्राइव्हवरून सुरू झाले की ते लगेच काही पुसत नाही. याला 'लाइव्ह' अवस्था म्हणतात. त्यात वायफाय, आवाज, कीबोर्ड, कॅमेरा आणि प्रिंटर तपासून घ्या. शाळेत किंवा दुकानात प्रिंटर चालत नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. पेनड्राइव्हवरून सगळे थोडे हळू वाटेल, ते स्वाभाविक आहे.

सगळे ठीक असेल तरच 'इन्स्टॉल'वर जा. तिथे एक प्रश्न येतो, तो दोनदा वाचा. 'डिस्क पूर्ण पुसा' म्हणजे विंडोज, डी ड्राइव्ह, ई ड्राइव्ह सगळे जाईल. फक्त सी ड्राइव्ह जाईल असा अनेकांचा समज असतो, तो चुकीचा आहे. 'विंडोजशेजारी टाका' हा पर्याय दोन्ही सिस्टीम ठेवतो, पण डिस्कमध्ये मोकळी जागा पाहिजे. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा. डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरवर घ्या किंवा लाइट जाणार नाही अशी वेळ निवडा. डिस्कचे भाग करताना वीज गेली तर मोठे नुकसान होऊ शकते.

हातात थोडे पैसे असतील तर जुन्या हार्ड डिस्कऐवजी साधी साटा एसएसडी बसवा. जुन्या मशीनला याने जितका फरक पडतो तितका दुसऱ्या कशाने पडत नाही. शिवाय जुनी डिस्क तशीच कपाटात राहते, म्हणजे मजकुराची एक जास्तीची प्रत.

टेक्स्ट एडिटर कशाला हवा?

वर्डमध्ये अक्षरांसोबत फॉन्ट, रंग, समास असे बरेच काही साठवले जाते. टेक्स्ट एडिटर फक्त अक्षरे साठवतो. ऑपरेटिंग सिस्टीमच्या सेटिंगच्या फाइल अशाच साध्या असतात, त्यामुळे दुरुस्तीला टेक्स्ट एडिटरच लागतो. विंडोजमध्ये नोटपॅड, मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीसह सगळीकडे झेड नावाचा एडिटर (इंग्रजीत एक्स-ई-डी), आणि पडद्यावर चित्र नसतानाही चालणारा नॅनो.

जुन्या मशीनवर नेहमी येणारी एक अडचण घ्या. पेनड्राइव्ह सुरू होतो आणि पडदा काळा पडतो. दोष बहुधा ग्राफिक्स कार्डाचा असतो. मशीन पुन्हा सुरू करा. पहिली यादी दिसली की 'ई' ही कळ दाबा, तिथे एक छोटा टेक्स्ट एडिटरच उघडतो. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत 'क्वाएट स्प्लॅश' हे इंग्रजी शब्द शोधा. त्यांच्यापुढे एक जागा सोडून नोमोडसेट असे लिहा: एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी, नऊ अक्षरे सलग, छोट्या लिपीत. मग एफ-१० दाबा. बहुतेक वेळा पडदा उजळतो. हा बदल तेवढ्यापुरताच असतो, त्यामुळे बिघडण्याची भीती नाही.

सिस्टीम टाकल्यावरही तीच अडचण येत राहिली तर हा शब्द ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कायमचा लिहावा लागतो. तिथे नॅनो कामी येतो. लिहून झाले की कंट्रोल आणि ओ दाबून एंटर करा, फाइल सेव्ह होते. कंट्रोल आणि एक्स दाबले की बाहेर. शेवटी 'अपडेट ग्रब'ची आज्ञा द्यायची. अशी कुठलीही फाइल बदलण्याआधी तिची प्रत काढून ठेवा. एका स्वल्पविरामाने मशीन अडू शकते आणि प्रत असेल तर दोन मिनिटांत सुटते.

चुकून व्हीआय नावाच्या जुन्या एडिटरमध्ये शिरलात आणि बाहेर पडता येईना, तर घाबरू नका. एस्केप दाबा, मग विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह (कोलन), मग क्यू, मग उद्गारचिन्ह आणि एंटर. काही न बदलता बाहेर.

मराठी आणि उर्दू लिहिण्याची सोय

मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन 'लेआउट' जोडा. 'इंडियन' या गटात मराठीसाठी इन्स्क्रिप्ट आणि उर्दूसाठी फोनेटिक मांडणी मिळते. फोनेटिकमध्ये इंग्रजी कळांच्या आवाजाप्रमाणे उर्दू अक्षरे येतात, त्यामुळे घरातली मुले दोन दिवसांत शिकतात. उर्दू नस्तालीकमध्ये दिसावी असे वाटत असेल तर नोटो नस्तालीक उर्दू हा मोफत फॉन्ट टाका. नस्तालीकची अक्षरे वरून खाली उतरत जातात, म्हणून ओळींतले अंतर थोडे वाढवावे लागते.

पत्र, अर्ज, प्रश्नपत्रिका यांसाठी लिब्रे ऑफिस मिंटसोबतच येते. वर्डच्या फाइल त्यात उघडतात. मांडणी इकडेतिकडे होऊ शकते, म्हणून दुसऱ्याला पाठवताना पीडीएफ करून पाठवा.

कोणी घाई करू नये?

ज्यांचा धंदा टॅलीवर आहे, मग तो हळदीचा व्यापारी असो की किराणा दुकानदार, ज्यांची छपाई इनपेजवर अवलंबून आहे, किंवा ज्यांना डिजिटल सहीच्या डोंगलने रोज काम करावे लागते, त्यांनी विंडोज काढू नये. शेजारी दुसरी सिस्टीम ठेवता येईल, किंवा कामाचे मशीन वेगळे आणि घरचे वेगळे करता येईल.

विद्यार्थ्यांनी मात्र लिनक्सला बिचकू नये. केरळात सरकारी शाळांतले संगणक शिक्षण गेली कित्येक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालते. आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया उभे राहणार आहे. त्यासाठी केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांची गुरुत्वीय लहरींची माहिती ज्या संगणकांवर तपासली जाते, ते लिनक्सवर चालतात. वसमतच्या एखाद्या मुलीने घरच्या जुन्या डबड्यावर टर्मिनल आणि टेक्स्ट एडिटर हाताळायला शिकले, तर ती तेच अवजार शिकते आहे.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी. मशीन भंगारात किंवा दुसऱ्याला द्यायचेच ठरले तर डिस्क काढून ठेवा किंवा पूर्ण पुसून द्या. त्यात आपलीच नव्हे, अर्ज भरायला आलेल्या दहा जणांची आधार कार्डे असू शकतात, आणि ती आपल्याकडची अमानत आहे. आणि तयार झालेला पेनड्राइव्ह कपाटात टाकू नका. त्यावर तारीख आणि सिस्टीमचे नाव लिहून चिठ्ठी चिकटवा, मोहल्ल्यात ज्याला लागेल त्याला द्या. द्यायच्या आधी त्याला एवढेच विचारा: "मजकूर बाहेर काढलाय का?"